ग्रीनलँडवरून गेलेलं सूत

शालिग्राम नानांच्या बंडीच्या खिशात कायम सुताची एक गुंडी असायची. कापसाचं, तीन पदरी पिळलेलं, मेण लावून गुळगुळीत केलेलं सूत, चांगलं दोनशे हात लांब. सोनगीरच्या आसपासच्या पाच-सात खेड्यांत कुठेही दोन भावांत नाहीतर दोन शेजाऱ्यांत बांधावरून वाजलं, की मोजणीसाठी सरकारात अर्ज करण्याआधी लोक नानांना बोलावत. नाना जात, दोन्हीकडच्या हद्दीच्या दगडांशी खुंट्या ठोकत, सूत ताणत आणि बोट दाखवून म्हणत, "हाई देखा. मी काही बोलत नही, हाई बोलस." मग कोणी कितीही आदळआपट केली तरी ते तिथे थांबत नसत. चहासुद्धा घेत नसत.

तीन वर्षांपूर्वी याच सुताने नानांचा स्वतःचा बांध वीतभर पुढे सरकलेला दाखवला. नानांनी त्याच दुपारी शेजारच्या नथ्थूला वीतभर जमीन सोडून दिली. त्या वीतभर जमिनीवर त्यांची पंचक्रोशीतली सगळी इज्जत उभी होती, आणि ती इज्जत त्यांनी जरा जास्तच जपली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तर गोष्ट सत्तावन्न सालची. नानांचा एकुलता एक मुलगा अभिमन पुण्याच्या शेतकी कॉलेजातून चांगल्या मार्कांनी बाहेर पडला आणि त्याला परदेशी शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. आधी बोटीने युरोपात जायचं, डेन्मार्कमध्ये दोन महिने दुधाच्या सोसायट्या बघायच्या, आणि मग तिथून विमानाने थेट अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, कापसाचं शास्त्र शिकायला. गावात मुंबई पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे अभिमनचं पत्र आलं की ते नानांचं एकट्याचं राहायचं नाही.

टपालाची पेटी रुपचंदच्या कापडदुकानाच्या खांबाला टांगलेली होती आणि टपालवाला गावाचं सगळं टपाल तिथेच टाकून जायचा. परदेशचं पत्र रुपचंदने फोडायचं आणि ओट्यावर बसलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, असा रिवाजच पडून गेला. नानांना वाचता येत होतं, चौथी शिकलेले होते. पण रुपचंदचा आवाज खणखणीत, आणि मुलाचं कौतुक चारचौघांत ऐकायला कोणाला नको असतं. दुकानात गादीच्या मागे जगाचा एक भलामोठा नकाशा लावलेला होता. कुठल्याशा गिरणीच्या एजंटाने दिवाळीला दिलेला. गावच्या शाळेतल्या हिलाल गुरुजींनी त्यावर मराठीत नावं लिहून दिली होती, आणि अभिमन जिथे जिथे पोचेल तिथे रुपचंद लाल पेन्सिलीने ठिपका द्यायचा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, चार-पाच दिवस आधी कॅलिफोर्नियाहून पहिलं पत्र आलं. ओट्यावर वीसेक माणसं होती. रुपचंदने घसा साफ केला.

"कोपनहेगनहून विमान निघालं ते ग्रीनलँड नावाच्या बेटावर उतरलं," अभिमनने लिहिलं होतं. "जिकडे पाहावं तिकडे बर्फ. तासभर आम्हाला खाली उतरवलं. माझ्या पायात मुंबईला घेतलेले साधे बूट होते. नाना, थंडीत पहाटे पाटाच्या पाण्यात उभं राहून बारे देताना पाय बधिर होतात ना, त्याच्या दहापट समजा. मग पुन्हा उडालो, कॅनडात एकदा थांबलो, आणि लॉस एंजेलिसला आलो."

रुपचंदने ठिपका द्यायला पेन्सिल उचलली आणि तो नकाशापाशी थांबला.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "हाई कोपनहेगन. नि हाई लॉस एंजेलिस, तठे खाले. मंग हाई ग्रीनलँड मधमा कथाईन वनं?"

ग्रीनलँड होतं पार वर, चौकटीच्या पट्टीला डोकं लावून बसलेलं, पांढरं आणि अगडबंब. आपल्या हिंदुस्थानच्या कितीतरी पट मोठं. रुपचंदने कापड मोजायचा लोखंडी गज उचलून दोन ठिपक्यांवर आडवा धरला. गज इंग्लंडवरून गेला, निळ्या समुद्रावरून गेला आणि अमेरिकेत शिरला. ग्रीनलँड त्याच्यापासून हातभर वर राहिलं.

"आठून धुयाले जावाले निंघना नि आधी इंदूरले जाई वना," रुपचंद म्हणाला, आणि ओट्यावर हशा पिकला. इंदूर धुळ्याच्या उलट्या दिशेला, हे आग्रा रोडवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. "जाऊ द्या नाना. जुवान पोऱ्या शे. जरा रंगायी सांगस."

रुपचंदच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. दुसरा बाप असता तर हसून मोकळा झाला असता. पण नानांनी खिशातून सूत काढलं. नथ्थूला एक टोक कोपनहेगनवर धरायला लावलं, दुसरं स्वतः लॉस एंजेलिसवर धरलं आणि ताणलं. सूत गजाच्याच वाटेने गेलं. मग त्यांनी तेवढंच सूत, चिमटीतली जागा न सोडता, ग्रीनलँडवरून वळवून नेलं, तर ते लॉस एंजेलिसपर्यंत पोचेचना, मूठभर कमी पडलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

ओट्यावर आता कोणी हसत नव्हतं. बांधाच्या भांडणात ज्याचं खोटं निघतं त्याच्याकडे लोक बघतात, तसे सगळे नानांकडे बघत होते. नथ्थू हळूच म्हणाला, "नाना, राहू द्या ना." ज्या नथ्थूला त्यांनी वीतभर जमीन दिली, त्याने कीव करावी, हे नानांना सगळ्यात जास्त लागलं. तीस वर्षं लोकांना ते सांगत आले होते की सुतापुढे भाऊ नाही नि बाप नाही. आता सूत त्यांच्या घरावरून गेलं म्हणून गुंडाळून खिशात घालायचं, हे त्यांच्याने होणार नव्हतं.

"हाई बोलस," ते म्हणाले. "मना पोऱ्या खोटं बोलना." पोरगा खोटं बोलला, असा निकाल देऊन ते उठले.

घरी येऊन त्यांनी बायकोला, ताईबाईंना, एका वाक्यात सांगितलं आणि कागद-पेन घेऊन बसले. ताईबाई ज्वारी निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आठ वरीसना व्हता, तवय लोणचानी बरनी फोडी नि सोता सांगाले वना," त्या म्हणाल्या. "तो खोटं बोलाव नही."

"सूत बोलनं."

"सूतले मी जलम दियेल नही," ताईबाई म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

नानांनी लिहिलं: "चि. अभिमन यास आशीर्वाद. तू ग्रीनलँडचं लिहिलं ते खोटं आहे. नकाशावर मी स्वतः सूत लावून पाहिलं. वीस माणसांत माझी मान खाली गेली. खरं काय ते लिही. तोवर दुसरं काही लिहू नकोस." पत्र त्याच दिवशी सोनगीरच्या टपालातून रवाना झालं, कारण गावातली पेटी आता सोमवारीच उघडणार होती, आणि तोवर थांबलं तर राग उतरेल अशी त्यांना भीती वाटली. राग उतरणं म्हणजे नानांच्या लेखी पक्षपात.

आखाजीला हिलाल गुरुजी जेवायला आले. फायनलच्या परीक्षेच्या कामाला ते पंधरा दिवस धुळ्याला होते, त्यामुळे दुकानातला तमाशा त्यांनी पाहिला नव्हता. अंगणात ताईबाईंनी चूल मांडून तिच्यावर खापर पालथं घातलं होतं आणि पुरणाच्या पोळ्या चालल्या होत्या. नानांनी ताटावर बसल्या बसल्या सगळं सांगितलं. गुरुजींचा घास हातातच राहिला.

"पत्र टाकलं तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"पाच दिन व्हई ग्यात."

"अहो नाना, पृथ्वी गोल आहे."

"हाई मले चौथीमा सांगेल शे," नाना चिडून म्हणाले. "गोल शे तर शे. त्याना सूतसंगे काय संबंध?"

गुरुजींनी समजावायचा प्रयत्न केला. गोल वस्तूवरचं चित्र सपाट कागदावर आणायचं म्हटलं तर ते जसंच्या तसं येत नाही. एक तर ते ठिकठिकाणी चिरावं लागतं, नाहीतर ओढून ताणून बसवावं लागतं. दुकानातला नकाशा ज्यांनी काढला त्यांनी वरची-खालची बाजू ताणली. गुरुजींनी ताईबाईंकडे बोट केलं. त्या पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत होत्या, आणि मुठीएवढा गोळा कोपरापर्यंत पसरत चालला होता. "ती कड बघा. होती किती नि झाली किती. ग्रीनलँड त्या कडेला आहे. खरं म्हणाल तर ते आपल्या देशात मावून वर जागा उरेल. आणि विमान काही नकाशावरून उडत नाही, पृथ्वीवरून उडतं. गोलावर जवळची वाट वरूनच जाते."

नानांना हे अजिबात पटलं नाही. पटलं नाही म्हणण्यापेक्षा त्यांना संताप आला. जो नकाशा ताणलेला आहे तो भिंतीवर लावायचाच कशाला, हा त्यांचा पहिला प्रश्न. शिकलेली माणसं असला कागद छापतात आणि त्यावर सही-शिक्का असल्यासारखी खुशाल नावं लिहितात. आणि दुसरा प्रश्न त्यांनी बराच वेळ विचारलाच नाही. मग हात धुताना, तीस वर्षांत सांगितलेले सगळे बांध आठवून, विचारला.

"मंग मना बठ्ठा बांध?"

"बांध बरोबर आहेत," गुरुजी म्हणाले. "दोनशे हातांत पृथ्वी काही वाकत नाही."

"तुम्ही म्हणतस. मले दखाडा."

दाखवणार कशावर? गावच्या शाळेत फळा होता तोसुद्धा तडकलेला. पृथ्वीचा गोल होता धुळ्याच्या एका हायस्कुलात. गुरुजींनी एका चिठ्ठीवर कोपनहेगन, लॉस एंजेलिस आणि ग्रीनलँड ही तीन नावं इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहून दिली, कारण तो गोल इंग्रजी होता.

"मी सांगं व्हतं," ताईबाई खापरावरची पोळी उलटत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नाना एस.टी.ने धुळ्याला गेले. हायस्कुलाला सुट्टी लागलेली, पण कचेरी उघडी होती. हेडक्लार्कने चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं की गोल भूगोलाच्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली भूगोलाच्या सरांकडे आहे, आणि सर अमळनेरला सासुरवाडीला गेले आहेत. कधी येतील? येतील तेव्हा येतील. नाना उन्हातून स्टँडवर परत आले. गाडीत त्यांना बसायला जागा मिळाली नाही.

सहा दिवसांनी ते पुन्हा गेले. सर येऊन किल्ली देऊन गेले होते. पण आता हेडमास्तरांची लेखी परवानगी लागत होती, आणि हेडमास्तर पेपर तपासायला जळगावला गेले होते. "अर्ज देऊन ठेवा," क्लार्क म्हणाला. नानांनी अर्ज लिहिला. कारण या रकान्यात त्यांनी खरं तेच लिहिलं: माझा मुलगा खोटं बोलला किंवा कसे, हे पाहण्यासाठी. क्लार्कने ते दोनदा वाचलं.

"असं चालत नाही, आजोबा. शैक्षणिक कारण लिहा."

"हाईच कारण शे."

"मग मी काय करू?"

नानांनी अर्ज फाडला, तुकडे खिशात घातले, कारण कचेरीत केरसुद्धा टाकायची त्यांना लाज वाटली, आणि व्हरांड्यात येऊन बसले. आयुष्यात त्यांनी कधी कोणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. खुंट्या ठोकल्या की पाव घटकेत निकाल. आणि इथे एक गोल बघायचा म्हणजे जणू खजिनाच उघडायचा होता. पाणी विचारायला कोणी येईना. त्यांच्या मनात आलं की अभिमनला पत्र एव्हाना पोचलं असेल. तो विचार त्यांनी झटकून टाकला, तो पुन्हा येऊन बसला.

तिसऱ्या खेपेला मात्र व्हरांड्यातून शिपाई उठून आला. झिपरू त्याचं नाव, उतारवयाचा, खांद्यावर फडकं.

"तुम्ही ते सूतवाला नाना ना?" त्याने विचारलं. "मना मामाना बांध तुम्हीच सांगेल शे. कापडण्याले."

"सांगेल व्हई."

"मामा हारना व्हता," झिपरू म्हणाला. "पन म्हने, नानानं सूत बराबर शे. चाला."

क्लार्क जेवायला घरी गेला होता. त्याच्या खुर्चीमागे खिळा होता, खिळ्याला किल्ली होती. गेल्या खेपेलाही ती किल्ली नानांच्या डोळ्यांसमोर लटकत होती. नानांच्या तोंडात एक शिवी आली, ती त्यांनी गिळली.

झिपरूने गोलावरची खोळ काढली. बारा वर्षांत इन्स्पेक्टर साहेबांखेरीज याला कोणी हात लावला नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं. पोरांना तर लांबूनच दाखवायचा. गोल नवाकोरा होता आणि फिरवताना गंजल्यासारखा कुरकुरत होता. नानांनी चिठ्ठी उघडली आणि एकेक अक्षर जुळवत नावं शोधली. कोपनहेगन सापडायला बराच वेळ गेला. लॉस एंजेलिस गोल फिरवल्यावर पार पलीकडे निघालं. ग्रीनलँड झिपरूनेच दाखवलं, ते पांढरं असतं म्हणून. नानांनी ते दोनदा विचारून घेतलं, कारण ते फारच लहान होतं.

झिपरूने एक टोक बोटाने दाबून धरलं. नानांनी सूत आधी रुपचंदच्या गजाच्या वाटेने बसवलं, इंग्लंडवरून, समुद्रावरून, आणि लॉस एंजेलिसवर अंगठा दाबला. मग सवयीने ताणलं. सूत तिथे थांबलंच नाही. ते अंगठ्याखालून घसरलं, वर सरकलं आणि सरळ पांढऱ्या ठिपक्यावर जाऊन बसलं. नानांच्या हातात दोन बोटं सूत जास्तीचं आलं.

त्यांनी ते पुन्हा खाली ओढून बसवलं. नखाने दाबून धरलं. ताण दिला, की पुन्हा ग्रीनलँडवर. तिसऱ्यांदा त्यांनी झिपरूवर खेकसून बोट नीट धरायला सांगितलं, आणि झिपरूने नीटच धरलं होतं. नानांना काय करावं कळेना. आयुष्यभर सूत जिथे ताणलं तिथे राहिलं होतं. आता ते त्यांच्या हातून निसटून आपल्या मनाने मुलाच्या वाटेने जात होतं.

"साहेब येतीन आते," झिपरू म्हणाला.

नानांनी सूत गुंडाळलं. खरं म्हणजे त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण पोरगा खरा होता, सूतही खरं होतं, आणि या सगळ्यात खोटं असं एकच होतं, ते म्हणजे नानांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र. ते झिपरूचे आभार मानायचेसुद्धा विसरले आणि अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन मानून आले.

मग लगेच पत्र लिहायचं की नाही? कोणीही म्हणेल, लिहायचं. नानांनी घरी येताना सोनगीरहून हवाई पत्राचा निळा कागद घेतलाही. संध्याकाळी बसले, "चि. अभिमन यास आशीर्वाद" लिहिलं आणि पेन थांबलं. बापाने मुलाला माझं चुकलं असं लिहायचं, याची नानांना सवय नव्हती, त्यांच्या बापालाही नव्हती. शब्दच सापडेनात. दुसऱ्या दिवशी नथ्थूच्या विहिरीचं काम निघालं. तिसऱ्या दिवशी बियाणं आणायला जायचं होतं. चौथ्या दिवशी काहीच नव्हतं, तेव्हा नाना गोठ्यात जाऊन उगाच दोऱ्या वळत बसले. निळा कागद फडताळात तसाच. ताईबाईंनी तो पाहिला, त्यावरची एक ओळ पाहिली, आणि काही न बोलता फडताळ लावून टाकलं. त्या बोलल्या असत्या तर नानांना बरं वाटलं असतं.

असे आठ दिवस गेले, आणि नवव्या दिवशी रुपचंदचा निरोप आला की अमेरिकेचं पत्र आलंय.

नाना पोचेपर्यंत ओटा भरलेला होता आणि पाकीट फुटलेलं होतं. "मले दे," नाना म्हणाले. पण रुपचंदने वाचायला सुरुवातही केली होती.

"तीर्थरूप नानांना साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. माझी चूक झाली. ग्रीनलँडचं मी मनानेच लिहिलं होतं. विमान सरळच गेलं, इंग्लंडवरून समुद्र ओलांडून. दुकानात पत्र वाचलं जातं, लोकांना गंमत वाटेल म्हणून तसं लिहिलं. तुमचं सूत कधी चुकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पुन्हा असं होणार नाही. आईला सांगा, मी बरा आहे. तिने काळजी करू नये."

रुपचंदने कागदाची घडी घातली आणि मोठ्या कौतुकाने मान हलवली. "मानी गऊत, नाना. सात समुंदरना पार गयं तुमनं सूत." नथ्थूने नानांसाठी ओट्यावर जागा केली. कोणीतरी चहा मागवला. पोराने चूक कबूल केली, हीच खरी शिकवण, असं दोघं-तिघं म्हणाले.

"खोटं शे," नाना म्हणाले.

"हा ना, तोच लिखस ना की खोटं व्हतं."

"पहिलं खरं व्हतं. हाई खोटं शे. इमान तठूनच गयं."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. नाना उठले, त्यांनी खिशातून सूत काढलं आणि नकाशापाशी गेले. कोपनहेगनवर अंगठा, लॉस एंजेलिसवर बोट. ताणलं. सूत इंग्लंडवरून गेलं. जायचंच होतं. ते त्यांनी वर ढकलायला पाहिलं, तर मूठभर कमी पडलं, जसं त्या दिवशी पडलं होतं. "हाऊ नकाशा चपटा शे," ते म्हणाले, आणि मागून कोणीतरी खुदकन हसलं. दुकानात गिऱ्हाइकाने आणून ठेवलेलं एक टरबूज होतं. नानांनी ते उचललं, रुपचंदच्या खडूने त्यावर दोन ठिपके दिले, मध्ये वर एक ग्रीनलँड काढलं आणि सूत ताणलं. सूत बरोबर ग्रीनलँडवरून गेलं.

"पन नाना," रुपचंद समजुतीच्या सुरात म्हणाला, "ठिपका तुम्ही तुमना मनथीन दिनात."

त्याचं बरोबर होतं. नाना टरबूज घेऊन उभेच राहिले. इथे सुताशिवाय दुसरा साक्षीदार मानायचा नाही, हे याच माणसांना त्यांनी स्वतःच शिकवलं होतं. नथ्थूने हळूच त्यांच्या हातातलं टरबूज काढून घेतलं. "ऊन भलतं शे," तो बाकीच्यांना म्हणाला. नानांना त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार काय होते?

नानांनी रुपचंदकडून पत्र घेतलं आणि घरी आले. ताईबाई ओसरीवरच उभ्या होत्या. नानांनी त्यांना सगळं वाचून दाखवलं. "तुमचं सूत कधी चुकत नाही" या ओळीवर ते थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ताईबाई डोळ्याला पदर लावून ऐकत राहिल्या.

"आते शिकना तो खोटं बोलाले," त्या म्हणाल्या. "तुम्हीच शिकाडं."

नानांनी फडताळातून निळा कागद काढला. वरची एक ओळ लिहिलेली होतीच, शाई वाळून आठ दिवस झाले होते. तिच्याखाली त्यांनी न थांबता लिहिलं, आणि लिहून झाल्यावर ताईबाईंना वाचून दाखवलं. मग तोच कागद घेऊन ते पुन्हा रुपचंदच्या ओट्यावर गेले. माणसं अजून पांगली नव्हती. पेटीत टाकण्याआधी नानांनी पत्र उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. रुपचंदइतका त्यांचा आवाज खणखणीत नव्हता.

"चि. अभिमन यास आशीर्वाद. तुझं पहिलं पत्र खरं आहे. दुसरं खोटं आहे, आणि ते मी तुझ्याकडून लिहवून घेतलं. विमान ग्रीनलँडवरूनच गेलं. मी धुळ्याला जाऊन पाहून आलो. यापुढे मी किंवा आणखी कोणी काहीही म्हटलं तरी जे झालं तेच लिहीत जा. तिथे बर्फात तुझे पाय बधिर झाले असं तू लिहिलं होतंस. ते मी तेव्हा विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पाय आता कसे आहेत?"